ओके दाब, आई

आमच्या बेळगाव-निपाणी भागातल्या कितीतरी घरांत हल्ली एक नवी वेळ ठरून गेली आहे. दिवस मावळायच्या आत जेवण झालेलं असतं, ओटा पुसून झालेला असतो, आणि साडेआठ-नऊच्या सुमारास मुलाचा फोन येतो. पुण्याहून, बंगळूरहून, नाहीतर समुद्रापलीकडून. खुशाली विचारून झाली की आई हळूच विषय काढते, "अरे, कॉम्प्युटर परत अडकलाय बघ." मुलगा म्हणतो, "थांब, मी आत येतो." आत येतो म्हणजे घरात नव्हे, कॉम्प्युटरात. मग आई चष्मा लावून पडद्यावरचा नंबर वाचून दाखवते, तो हजारो मैलांवरून इथला बाण हलवतो, आणि पोर समोर बसल्यासारखं वाटून तिला बरं वाटतं. मला तर वाटतं, काही आया कॉम्प्युटर थोडा बिघडू देतात.

हे 'आत येणं' ज्यानं होतं त्याला रिमोट डेस्कटॉप म्हणतात. टीमव्ह्यूअर जर्मनीत २००५ साली निघालं, एनीडेस्कही तिथलंच, २०१४ सालचं. गूगलचं क्रोम रिमोट डेस्कटॉप आहे, आणि विंडोजमध्ये क्विक असिस्ट आधीपासूनच बसवलेलं असतं. काम सगळ्यांचं साधारण एकच. आपल्या पडद्याचं चित्र पलीकडे जातं आणि पलीकडच्या माउसची, कीबोर्डची हालचाल इकडे येते. एनीडेस्कचा तो नऊ-दहा आकडी नंबर म्हणजे घराचा पत्ता. तो कुणाला कळला म्हणून कुणी लगेच आत येत नाही, दाराशी येऊन कडी वाजवतो. आपण 'ॲक्सेप्ट' दाबलं तर दार उघडतं. पण याच सॉफ्टवेअरमध्ये एक कायमचा पासवर्डही ठेवता येतो. तो ठेवला की कडी वाजवायची गरजच उरत नाही. घरी कुणी नसतानाही पलीकडचा आत येऊ शकतो. पत्ता आणि किल्ली यांतला हा फरक मुलांनी आयांना सांगितलेला नसतो. माझ्या ओळखीच्या बायकांपैकी तो माहीत असलेल्या फार थोड्या.

आता यातल्या अडचणी. काही अगदी साध्या असतात. लॅपटॉपचं झाकण मिटलं किंवा कॉम्प्युटर झोपी गेला की पलीकडच्याला तो सापडत नाही. पॉवरच्या सेटिंगमध्ये झोपायची वेळ वाढवली की झालं. नेट मंद असेल तर पडद्यामागचं मोठं चित्र काढून टाकायचं आणि दिसण्याचा दर्जा कमी ठेवायचा, बाण लगेच सुटा होतो. आपण आरतीसंग्रह टाईप करून कीबोर्ड मराठीवरच ठेवला असेल, तर मुलगा पलीकडून इंग्रजी पत्ता लिहितो आणि इथं 'ैाबू' असलं काहीतरी उमटतं. तो वैतागतो. कोपऱ्यात भाषा बदलायची असते, एवढंच.

पण एक अडचण अशी आहे की तिच्याबद्दल जरा थांबून बोललं पाहिजे. मुलगा काहीतरी बसवत असतो आणि एकदम म्हणतो, "आई, मला काळं दिसतंय." इथं मात्र आपला पडदा अंधारलेला असतो आणि मधोमध एक चौकट आलेली असते. अमुक प्रोग्रामला तुमच्या कॉम्प्युटरमध्ये बदल करू द्यायचा का? होय, नाही. ही चौकट पलीकडून आलेल्याला पुष्कळदा दिसत नाही, आणि दिसू नये अशीच सोय विंडोजनं केलेली आहे. तो बिघाड नाही, राखण आहे. कॉम्प्युटरसमोर जे माणूस बसलेलं आहे त्यानंच वाचावं आणि त्यानंच ठरवावं, असा तिचा हेतू.

आणि आमच्याकडे काय होतं? ज्याला इंग्रजी वाचता येतं त्याला ती चौकट दिसत नाही. जिला दिसते तिला इंग्रजी वाचायची सवय नाही. तो म्हणतो, "काहीतरी विचारत असेल बघ, ओके दाब, आई." ती दाबते. ती राखण दोघांनीही वाचलेली नसते.

निपाणीच्या आक्कांच्या बाबतीत जे घडलं ते याच फटीतून. आक्का म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई. वय सत्तरच्या पुढं, जुनी मॅट्रिक, वाचन भरपूर. मुलगा अमेरिकेत. यजमान गेल्यावर घरात त्या आणि वरच्या मजल्यावरचे भाडेकरू. लिहू का म्हणून मी त्यांना विचारलं तेव्हा म्हणाल्या, "लिही की. नाव तेवढं घालू नको." म्हणून घालत नाही.

एका दुपारी त्या कॉम्प्युटरवर एक स्तोत्राची फाईल शोधत होत्या. कुठल्याशा पानावर बोट पडलं आणि अख्खा पडदा लाल झाला. भोंगा वाजायला लागला, एक बाई इंग्रजीत ओरडायला लागली, आणि मोठ्या अक्षरात एक फोन नंबर. आक्कांनी पान बंद करायचा प्रयत्न केला, होईना. शेवटी त्या नंबरवर फोन लावला. पलीकडचा माणूस हिंदीत, अगदी शांत. "घबराइए मत, माताजी." त्यानं एकेक बटण सांगितलं, एकेक अक्षर सांगितलं, एक सॉफ्टवेअर उतरवून घेतलं, नंबर विचारला. पडदा अंधारला, चौकट आली. "ओके दबाइए." आक्कांनी दाबलं.

मग त्यानं आत शिरून एक यादी उघडून दाखवली. लाल खुणाच खुणा. हे सगळे व्हायरस म्हणाला. ही यादी म्हणजे विंडोजची रोजची नोंदवही. धडधाकट कॉम्प्युटरमध्येसुद्धा तिच्यात लाल खुणा असतात. कधी प्रिंटर सापडला नाही, कधी नेट गेलं, त्याची नोंद. पण ज्यानं ती कधी उघडलीच नाही त्याला ती बघून धडकीच भरणार. "आता बँकेचं पान उघडा, माताजी, पैसे सुरक्षित आहेत का बघू." आक्कांनी पासबुक आणायला कपाट उघडलं, आणि निपाणीची वीज गेली. यूपीएसची बॅटरी मरून वर्ष झालं होतं. मुलगा बदलून घे, बदलून घे म्हणत होता, राहून गेलं होतं ते बरं झालं.

अंधारलेल्या पडद्यासमोर बसून त्यांनी मला फोन केला. आवाज कापत होता. मी म्हटलं, "आक्का, नेटची वायर काढा, वीज आली तरी चालू करू नका. आधी बँकेला फोन." तो नंबरही पासबुकावर छापलेला बघून लावायचा, नेटवर शोधून नव्हे, कारण बँकांच्या नावानं खोटे नंबर नेटवर पेरून ठेवलेले असतात. बँकेनं नेट बँकिंग बंद केलं. मग १९३०. हा सायबर फसवणुकीचा नंबर सगळ्या देशाला एकच. आमच्या सीमाभागात ही मोठी सोय आहे. निपाणी कर्नाटकात आणि गावाला लागून असलेलं अर्जुननगर महाराष्ट्रात, तिथं हद्द कुणाची हे विचारण्यातच निम्मा दिवस जातो. पैसे गेले असतील तर पहिले काही तास फार मोलाचे असतात, कारण चोर ते एका खात्यातून दुसऱ्यात फिरवत नेतो आणि मध्येच कुठंतरी अडवता आले तर आले.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं मी निघाले. संकेश्वर गेलं, तवंदीचा घाट आला, स्तवनिधीच्या बाजूला हात जोडले, आणि डोक्यात एकच विचार होता की आक्कांना काय बोलायचं. त्यांनीच चहा ठेवता ठेवता सुरुवात केली. "अगं, मी काय इतकी खुळी नाही. पण तो बोलालता ना, ते आमच्या पोरासारखंच गं. तसंच. हे दाबा, ते दाबा, घाबरू नका, ओके दाबा. पोरगा तरी काय वेगळं सांगतो?"

मला त्यावर उत्तर सुचलं नाही, कारण उत्तर नव्हतंच. फसवणाऱ्यानं आक्कांना काही नवीन शिकवलं नव्हतं. फोनवरचा आवाज सांगेल ते न वाचता दाबायचं, ही सवय गेली पाचसहा वर्षं, विशेषतः २०२० च्या लॉकडाऊनपासून, घरच्याच माणसानं लावली होती. प्रेमानं लावली होती, आणि घाईनं. चोराला तयार रस्ता मिळाला.

हेच सगळीकडे चाललं आहे. रिझर्व्ह बँकेनं २०१९ च्या फेब्रुवारीतच बँकांना सावध केलं होतं की एनीडेस्क उतरवायला लावून लोकांची खाती रिकामी केली जाताहेत. २०२४ च्या मेमध्ये मायक्रोसॉफ्टनं स्वतःच सांगितलं की त्यांचं क्विक असिस्ट चोर वापरतात. म्हणजे सॉफ्टवेअर चांगलं की वाईट हा प्रश्नच नाही. किल्ली ती किल्ली. आणि चोर काही फक्त आपल्यालाच फसवतात असंही नाही. २०२५ च्या नोव्हेंबरात आमच्या बेळगावात, आझमनगर भागात, अमेरिकेतल्या लोकांना फोनवरून फसवणारं कॉल सेंटर चालवल्याच्या आरोपावरून पोलिसांनी ३३ जणांना पकडलं. बातमी वाचून मी आक्कांना फोन केला. त्या बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, "म्हणजे तिकडं पोराच्या शेजारची म्हातारी, तिला इथनं कोणतरी ओके दाब म्हणालंय." त्याच वर्षी मार्चमध्ये खानापूर तालुक्यात एका वृद्ध जोडप्यानं अशाच फोनवरच्या धमक्यांना कंटाळून जीव दिला होता. तिथं कॉम्प्युटर नव्हता, खोटे पोलिस होते. पण आवाज ऐकून ऐकत जाणं तेच. तो विषय आम्ही दोघींनी फार वाढवला नाही.

तर त्या दिवशी निपाणीत. नेटची वायर न जोडता कॉम्प्युटर चालू केला आणि कंट्रोल पॅनेलमध्ये बसवलेल्या प्रोग्रामांची यादी उघडली. दुसऱ्याच्या घरात शिरायची चार सॉफ्टवेअरं निघाली. दोन मुलानं वेगवेगळ्या वर्षी बसवलेली. एक कालचं. आणि चौथं? आक्कांचे यजमान तंबाखूच्या व्यापाराचा हिशेब याच कॉम्प्युटरवर ठेवत. हिशेबाचं सॉफ्टवेअर बसवणाऱ्यानं तेव्हा स्वतःच्या सोयीसाठी एक टाकून ठेवलं होतं, कायमच्या पासवर्डासकट. यजमान जाऊन चार वर्षं झाली, दुकान मिटलं, आणि त्या माणसाची किल्ली मात्र आक्कांच्या घरात तशीच. त्यानं काही वाईट केलं असं नाही. पण त्याच्याकडे ती किल्ली आणखी कुणाकुणाच्या हाताखालून गेली, कोण सांगणार? आपण साडीच्या कपाटाची किल्ली कामवाल्याला देताना दहादा विचार करतो. परिग्रह मोजताना ही असली अदृश्य दारंही मोजायला हवीत असं मला त्या दिवशी वाटून गेलं.

चारही काढून टाकली. पण एकदा अनोळखी माणूस आत येऊन गेला की नुसतं सॉफ्टवेअर काढून भागत नाही, त्यानं मागं काय ठेवलं ते आपल्याला दिसत नाही. म्हणून फोटो आणि कागद पेनड्राईव्हवर काढून घेतले आणि गावातल्या दुरुस्तीवाल्या मुलाकडून विंडोज नव्यानं घालून घेतलं. ईमेलचा आणि बँकेचा पासवर्ड त्या कॉम्प्युटरवरून नव्हे, फोनवरून बदलला. ब्राउझरनं 'लक्षात ठेवू का' म्हणून साठवलेले पासवर्डही पुसले. हे शेवटचं बहुतेक जण विसरतात.

इथं माझ्या माहेरची एक गोष्ट सांगायला हवी, कारण दुकान-वखार असलेल्या घरांतल्या बायकांना ती उपयोगी पडेल. भावाला सकाळी आपल्याच कॉम्प्युटरमध्ये शिरता येईना. पासवर्ड बरोबर, तरी 'खातं कुलूपबंद आहे' असा निरोप. अर्ध्या तासानं आपोआप उघडायचं, परत बंद. सगळ्यांना वाटलं कीबोर्ड गेला. नवा आणला, तेच. शेवटी भाच्यानं ती नोंदवही उघडली, तर रात्रभर दर काही सेकंदाला कुणीतरी चुकीचे पासवर्ड घालून बघत होतं. हिशेबनिसाला कोल्हापुरातून काम करता यावं म्हणून एका तंत्रज्ञानं विंडोजचं स्वतःचं रिमोट डेस्कटॉप चालू करून राउटरमध्ये त्याचं दार, ज्याचा नंबर ३३८९ असतो, बाहेरच्या जगाला उघडं ठेवलं होतं. असली उघडी दारं शोधत फिरणारी यंत्रं रात्रंदिवस चालू असतात, त्यांना चिकोडी काय नि शिकागो काय. दार राउटरमधूनच बंद केलं, दुसऱ्या दिवसापासून खातं सुरळीत. घरगुती, म्हणजे विंडोजच्या होम प्रकारात, हे बाहेरून आत यायचं दार मुळात नसतंच. प्रो प्रकारात असतं. कुणी तंत्रज्ञ 'पोर्ट उघडतो' म्हणाला तर तिथंच थांबवा आणि दुसरी सुरक्षित सोय कर म्हणा. त्याला समजतं आपण काय म्हणतोय ते.

परत आक्कांकडे. कॉम्प्युटर नवा-कोरा झाला, आता मुलाला काय सांगायचं? आक्कांनी सक्त ताकीद दिली होती, झालेलं त्याला कळता कामा नये. "तो कॉम्प्युटरच काढून टाक म्हणेल." मला ते पटलं. म्हातारपणी एकदा चूक झाली की पोरं आपल्या हातातली वस्तू काढून घेतात, मग ती गॅसची शेगडी असो की एटीएमचं कार्ड. म्हणून रात्री त्याचा फोन आला तेव्हा मी बोलले.

"आता एकच सॉफ्टवेअर राहील. कायमचा पासवर्ड नाही. खिडकी उघडी असेल तेव्हाच कडी वाजवता येईल असं सेटिंग ठेवायचं."

"मामी, मग मला रात्री-अपरात्री काही करायचं असेल तर?"

"रात्री-अपरात्री आईच्या घरात शिरायचं काय काम?"

तो हसला, पण ऐकलं. क्विक असिस्ट ठरलं. त्यात मदत करणारा एक सहा अक्षरांचा कोड देतो आणि तो थोड्याच वेळात शिळा होतो, परत वापरता येत नाही. आणि फोन नेहमी आईनं करायचा, साठवलेल्या नंबरावर. कुणाचाही आलेला फोन धरून कॉम्प्युटर चालू करायचा नाही, मुलाचा आवाज वाटला तरी नाही. लाल पडदा आणि भोंगा आला तर एस्केप दाबून धरायचं, त्यानं नाही गेला तर आल्ट आणि एफ-४ एकदम, तरीही नाही गेला तर सरळ बटणानं बंद. विंडोजच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो. दशलक्षणात आपण नियम घेतो तसे हे आक्कांनी वहीत लिहून घेतले.

सगळ्यात जास्त वाद झाला तो शेवटच्या नियमावर. चौकट आली की आक्का ती मोठ्यानं वाचणार, अक्षर अक्षर लावून का होईना, मग तो मराठीत अर्थ सांगणार, मग त्या ठरवणार. भाचा म्हणाला, "मामी, तिला नाही कळणार, उगाच वेळ जाईल." मी म्हटलं, "तिनं तुला बाराखडी शिकवली तेव्हा किती वेळ गेला होता?" हे जरा नाटकी झालं, मलाही कळलं, पण काम झालं.

आता आक्का वाचतात. "डू यू वाँट टू अलाव धिस ॲप... हे ॲप म्हणजे कुठलं रे? खाली नाव काय आहे? पब्लिशर म्हणजे?" त्यांना आता कळतं की तिथं ओळखीच्या कंपनीचं नाव असेल तर एक, आणि 'अननोन' असेल तर चौकट बंद. मागल्या महिन्यात प्रिंटरचं काहीतरी बसवताना त्यांनी 'नो' दाबलं. मुलगा पलीकडून ओरडला, "अगं आई, ते बरोबर होतं!" त्या म्हणाल्या, "असू दे. परत आण, मग वाचते."

मुलाची तक्रार आहे की पूर्वी दहा मिनिटांत होणाऱ्या कामाला आता चाळीस मिनिटं लागतात. आक्कांची काही तक्रार नाही. यूपीएसची बॅटरीही त्यांनी बदलून घेतली आहे.